नाव ठेवायचं तर पाठ वाकवा

सोजरचं लग्न जमवलं ते हिंजवडीच्या ट्रॅफिकनं. दुसऱ्या कुणी श्रेय घ्यायचं कारण नाही. कंपनीची बस कोथरूडहून यायची, तिच्यात ऋषी बसलेला असायचा. हिंजवडी गावातल्या चौकात सोजर चढायची. तिथून कंपनी हाकेच्या अंतरावर, पण हाक पोचायची, बस पोचायची नाही. एकदा तर बस अशी अडकली की चढताना दोघं अनोळखी होते आणि उतरेपर्यंत प्रेम जमून, भांडण होऊन, समेटसुद्धा झाला होता. त्याच बसमध्ये एकजण टेम्पररी म्हणून चढला तो उतरताना पर्मनंट झाला होता म्हणतात. हे जरा ताणलेलं असेल. पण बस अडकली होती, हे शंभर टक्के खरं.

दोघांनी घरी सांगितलं. कुणी आदळआपट केली नाही, कुणी पत्रिका मागितली नाही. एका रविवारी सोजरचे वडील सर्जेराव आणि त्यांची थोरली बहीण राधाआत्या असे दोघं सोजरला घेऊन कोथरूडला बैठकीला गेले.

राधाआत्याबद्दल आधीच सांगितलेलं बरं. तिच्या तोंडातून साधी गोष्ट कधी साधी बाहेर पडली नाही. मंडईतून दुधी आणला, तर गल्लीच्या टोकाशी पोचेपर्यंत त्या दुधीची होडी झालेली असायची आणि आत्या तिच्यात बसून मुळा नदी ओलांडून आलेली असायची. सोजर लहान असताना शाळेत पोरं तिच्या नावाला हसायची. ती रडत घरी आली की आत्या तिला मांडीवर घेऊन सांगायची, "येड्यांनो म्हणावं, सोजर नावाच्या कोण कोण होऊन गेल्यात ठावं हाय का?" आणि एकेक सोजर बाहेर काढायची. सातवीपर्यंत सोजरला ते सगळं खरं वाटलं. मग कळलं, की आत्या थापा मारते. पण तोवर वर्गात ताठ बसायची सवय लागून गेली होती, ती काही मोडली नाही.

ऋषीचं घर दुसऱ्या मजल्यावर. त्याच्या आई नीरजाताई शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेल्या. समोरच्याचं बोलणं ऐकताना त्या मनातल्या मनात लाल पेननं खुणा करतात, असं वाटायचं. वडील सुदर्शनराव. जन्मभर खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी केलेली, त्यामुळे घरातसुद्धा आवाज न करता वावरायची सवय.

पोहे झाले. चहा आला. तेवढ्यात नीरजाताईंनी आतून कागदात गुंडाळलेली एक पितळी पाटी आणली आणि टीपॉयवर ठेवली. दारावर लावायची पाटी. सुंदर अक्षरात कोरलेलं, 'ऋषी' आणि त्याखाली 'ऋतुजा'.

"ही ऋतुजा कोण?" सोजरनं विचारलं. तिला खरंच वाटलं, ऋषीला एक बहीण आहे आणि त्यानं सांगितलंच नाही.

"तू," नीरजाताई म्हणाल्या. "लग्नानंतर."

सोजरनं ऋषीकडे बघितलं. ऋषीनं पोह्यातल्या शेंगदाण्याकडे बघितलं.

"सोजर हे नाव वाईट आहे असं मी म्हणत नाही," नीरजाताई पुढे म्हणाल्या. "पण आमच्या सोसायटीत कुणी जिन्यातून सोजर म्हणून हाक मारली, तर लोकांना वाटेल पलटण आली."

"ऑफिसात मोबाईलला पण तसंच वाटतं," सोजर म्हणाली. "मी सोजर लिहिते, तो सोल्जर करतो. मी परत सोजर करते. तो दमेल कधीतरी."

"म्हणूनच म्हणते. आमच्याकडे एक पद्धत आहे. ज्या नावाचं कुणीतरी मोठं होऊन गेलंय, तेच नाव ठेवायचं. मला सोजर नावाची एक प्रसिद्ध व्यक्ती सांगा. एक. मी ही पाटी परत करते."

एवढं ऐकलं आणि राधाआत्यानं कपबशी खाली ठेवली. सर्जेरावांनी डोळे मिटले. बहिणीनं कपबशी खाली ठेवली की काय होतं, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

"येकच?" आत्या म्हणाली. "विहीणबाई, येकीवर कसं भागंल? पयली सोजर ताकवाली. खडकीला कॅम्पात डोईवर ताकाचा हंडा घिऊन जायची. सहा हात उंच. गोरा सायेब पलटणीफुडं उभा ऱ्हाऊन वरडला, तर पलटन हालंना. हिनं नुसतं 'सरका रं' म्हटलं, आख्खी पलटन सरळ रांगंत! सायबानं इचारलं, बाई तुझं नाव काय? म्हणली सोजर. तवापासनं इंग्रज त्येंच्या शिपायाला सोल्जर म्हणाया लागलं. हिच्यावरनं. त्येंच्या जिभेला नीट येईना म्हणून मधी ल घातला."

सुदर्शनरावांना ठसका लागला. नीरजाताईंनी त्यांच्याकडे बघितलं, तसा ठसका थांबला.

"दुसरी सोजर त्येच्या आदीची. मुळा आन मुठा, दोगी बहिनी. भांडायच्या. येकमेकीचं तोंड बघायच्या न्हाईत. सोजर मधी बसली, दोगींच्या येण्या सोडल्या आन दोगींची मिळून येकच येणी घातली. आता सुटतीया व्हय? जावा, बगून या संगमावर."

"आणि तिसरी?" नीरजाताईंनी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारून बसल्या.

"तिसरीचा आवाज मोठा. हिंजवडीत कोंबड्यास्नी हाक मारायची आन हितं कोथरूडात लोकं दारं उघडायची."

"यातलं एक तरी कुठे लिहून ठेवलंय?"

"लिवनारं समदं तवा तिला बघाया गेलतं. लिवनार कोन?"

नीरजाताईंनी मोबाईल काढला, चष्मा लावला, शोधलं. "काही नाही," त्या म्हणाल्या. "छान करमणूक झाली. चहा गार होतोय."

"आवं, पन ह्ये नाव मी ठिवलंय!" आत्याचा आवाज आता गोष्टीतला राहिला नव्हता. "बारशाला पाळण्यात वाकून हिच्या कानात म्या सांगितलं. आन मागनं समद्या बायांनी माज्या पाठीत दणादणा बुक्क्या घातल्या. तीन रात्री पालथी झोपले मी ह्या नावापायी."

"बारशाला आत्याच्या पाठीत मारतातच. ती गंमत असते, राधाताई."

"तुमच्यात असंल. आमच्यातल्या बाया म्हशींच्या धारा काढणाऱ्या हायेत."

"हे बघा," नीरजाताई शांतपणे म्हणाल्या, "माझंही नाव लग्नात बदललं. मला काही झालं नाही."

"तुमचं काय होतं काकू आधी?" सोजरनं विचारलं.

"त्याला आता काय अर्थ आहे?" असं म्हणून नीरजाताईंनी टीपॉय पुसायला घेतला. टीपॉय स्वच्छ होता.

परत येताना रिक्षात सर्जेराव म्हणाले, "पोरी, येका नावासाठी ताणू नको. ताटात तांदूळ पसरत्यात, अंगठीनं नाव लिवत्यात, मग त्येच तांदूळ शिजवून खात्यात. इतकंच हाय."

"बाबा, तेच तर," सोजर म्हणाली. "शिजवून खातात. मग माझं नाव कुठे जातं?"

सर्जेराव रिक्षावाल्याला रस्ता सांगायला लागले. उत्तर राधाआत्याकडे असणार होतं, पण ती चौथी सोजर जुळवण्यात गुंग होती.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ऋषीनं समजूत काढायला सुरुवात केली. तो मनानं चांगला होता, फक्त आईसमोर त्याचा आवाज पाण्यात टाकलेल्या बिस्किटासारखा व्हायचा.

"ऑफिशियली काही चेंज नाही करायचं गं. आधार, पासपोर्ट, सगळं सोजरच. फक्त घरात ऋतुजा."

"मी राहणार कुठे? पासपोर्टमध्ये?"

"तसं नाही. आईला बरं वाटेल इतकंच."

"मग आईला सांग, की तुझं नाव पण बदलू. सर्जेराव ठेवू. माझ्या बाबांना बरं वाटेल."

"असं कुठे असतं का?"

"का नसतं?"

ऋषीनं खूप विचार केला. बस उभीच होती, त्यामुळे विचाराला वेळ होता. शेवटी म्हणाला, "तूच बोल ना आईशी. मला नाही जमणार."

सोजर खिडकीबाहेर बघत राहिली. समोर कंपनीची काचेची इमारत दिसत होती. तिची खुर्ची तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या खुर्चीच्या बरोबर खाली कधीकाळी त्यांच्या मिरच्यांचे वाफे होते. जमीन गेली, विहीर बुजली, गावाच्या नावापुढे फेज वन, फेज टू लागलं. त्यातलं काहीच तिला विचारून झालं नव्हतं. नाव तेवढं उरलं होतं.

"ऐक," ती म्हणाली. "ताटात माझं नाव पुसलं गेलं, तर मी तिथून उठून घरी जाईन. चालत जाईन. तुझ्या वरातीच्या गाडीपेक्षा लवकर पोचेन."

ती हे हसत म्हणाली नव्हती, आणि ऋषीला ते कळलं होतं.

लग्न कोथरूडच्या एका हॉलवर लागलं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. हिंजवडीहून दोन बस भरून बायका आल्या होत्या. त्यांचे दंड बघून केटररनं आपणहून जिलबी वाढवली. संध्याकाळी हॉल रिकामा करून द्यायचा होता, म्हणून लक्ष्मीपूजनही तिथेच उरकायचं ठरलं.

पाट मांडला. चांदीचं ताट आलं. नीरजाताईंनी स्वतः आंबेमोहोर तांदूळ पसरले आणि तळहातानं सारखे केले. त्यांचं सगळंच सारखं असायचं. सोजर पाटावर बसली. हळदीच्या साडीत तिला उकडत होतं. चप्पल कुठे काढली आहे हे तिनं आधीच बघून ठेवलं होतं.

"लिही," नीरजाताईंनी ऋषीच्या हातात अंगठी दिली.

ऋषी ताटावर वाकला. त्यानं सोजरकडे एकदा बघितलं, आईकडे एकदा बघितलं, आणि लिहायला लागला. दोन अक्षरं झाली नाहीत तोच नीरजाताई ओरडल्या.

"रु? रुतुजा? अरे, ऋ! ऋषीतला ऋ! स्वतःच्या नावातला ऋ येत नाही तुला?"

"मी नाव इंग्लिशमध्ये लिहितो ना गं आई..."

"मराठी शिकवण्यात जन्म गेला माझा! पूस ते. परत काढ."

ऋषीनं तांदूळ पुसले. परत वाकला. ऋ काढायला गेला, तर हत्तीची सोंड झाली. परत पुसले. परत वाकला. आजूबाजूच्या बायका खुसखुसायला लागल्या. सोजर त्याच्याकडे बघत होती. म्हणजे त्याच्याकडे नाही, त्याच्या पाठीकडे. रेशमी कुडत्यातली, भलीथोरली, कमानीसारखी वाकलेली पाठ. आणि ती पाठ बघता बघता ती चप्पल विसरली.

"आत्या," ती म्हणाली. "नाव कोण ठेवतंय?"

"हा काय, तुजा नवरा."

"आणि नाव ठेवताना काय करतात?"

राधाआत्याचा चेहरा असा काही उजळला की फोटोग्राफरनं फ्लॅश बंद केला. "अगं बया!" ती म्हणाली. "म्या कशी इसरले? बायांनो, या गं! नाव ठिवायलेत!"

हिंजवडीच्या बायकांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. कुर्रर्र करून आरोळी उठली आणि ऋषीच्या पाठीत पहिली बुक्की पडली. ती अशी बसली की अंगठी उडून कुंकवाच्या करंड्यात गेली. दुसरी पडली, तिसरी पडली.

"अगं थांबा! आई गं! मी नाही ठेवलं!" ऋषी ओरडला. "मी फक्त लिहितोय! नाव आईनं ठेवलंय!"

हात थांबले. सगळ्या बायका वळून नीरजाताईंकडे बघायला लागल्या. मागे कुणीतरी खुर्च्या रचत होता, तोही थांबला.

"काहीतरीच," नीरजाताई म्हणाल्या. "लग्नात कुणी बुक्क्या मारतं का?"

"लग्नात कुणी बारसं करतं का?" सोजर पाटावरूनच म्हणाली. "आई, मला दुसऱ्यांदा पाळण्यात घालताय ना? मग रीतीनं घाला. आत्यानं बुक्क्या खाल्ल्या तेव्हा मला नाव मिळालं. ज्याला माझं नाव ठेवायचंय त्यानं वाकावं. नाहीतर बसल्या जागी नुसती नावं ठेवायला काय लागतं?"

सर्जेराव मागून म्हणाले, "सोजर, पुरं." पण त्यांच्या आवाजात पुरेसा जोर नव्हता, आणि तो त्यांनी मुद्दामच लावला नव्हता असं नंतर त्यांनी कबूल केलं.

"आणि नाही वाकणार म्हटलं तर?" नीरजाताईंनी विचारलं.

"तर मी सोजर. इथे राहिले तरी सोजर, आणि आत्ता उठून चप्पल घालून गेले तरी सोजर."

नीरजाताईंनी ताटाकडे बघितलं. त्यात अर्धवट ऋ पडला होता. मग त्यांनी एकदम विचारलं, "आणि बुक्क्या न खाता कुणी कुणाचं नाव ठेवलं असेल तर? पूर्वी?"

"बाकी ऱ्हाती," राधाआत्या ताबडतोब म्हणाली. हा नियम तिनं त्याच क्षणी तयार केला होता, पण चेहरा असा की हजार वर्षांचा असावा. "बुक्की शिळी व्हत न्हाई."

नीरजाताई वळल्या. हॉलच्या कोपऱ्यात सुदर्शनराव मठ्ठ्याचा ग्लास घेऊन, आवाज न करता उभे होते. सगळं आयुष्य दारूगोळ्यात काढलेल्या माणसाला स्फोट कुठून होणार ते आधी कळतं. त्यांनी मागे जायचा प्रयत्न केला, पण मागे भिंत होती.

"अहो," नीरजाताई म्हणाल्या. "वाका."

"आत्ता? माझ्या हातात मठ्ठा..."

"ग्लास ठेवा. वाका."

"अगं, मी कुठे ठेवलं? ते आईनं सुचवलं होतं, मी फक्त लिहिलं..."

"हेच आत्ता तुमचा मुलगा म्हणाला. वाका."

सुदर्शनराव वाकले. नीरजाताईंनी पदर खोचला आणि नवऱ्याच्या पाठीत एक बुक्की घातली. शाळेतली बाई, खडू धरणारा हात. पण त्या बुक्कीत काय काय साठलं होतं कुणास ठाऊक. कर्वे रस्त्यावर दोन स्कूटरवाले मागे वळून बघायला लागले. मग आणखी एक घातली. हिंजवडीच्या बायकांनी एकमेकींकडे बघून मान डोलावली. हात बरा आहे, असा त्याचा अर्थ होता.

"रतन," नीरजाताई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "रतन नाव होतं माझं. माहेरी, खडकीच्या क्वार्टर्समध्ये, सगळे मला रतन म्हणायचे. चाळीस वर्षांत ह्या माणसानं एकदाही त्या नावानं हाक मारलेली नाही."

"तू कधी म्हणालीच नाहीस," सुदर्शनराव वाकलेल्या अवस्थेतूनच म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

त्या परत ताटापाशी आल्या. खाली बसल्या, तळहातानं तांदूळ सारखे केले. तो अर्धा ऋ गेला. सोजरकडे त्यांनी बघितलं नाही, पण करंड्यातून अंगठी काढली, पदराला पुसली आणि ऋषीच्या हातात दिली.

"लिही. जे आहे ते लिही. सो, ज, र." आणि जरा थांबून, कोथरूडच्या आवाजात, "ऋ नाहीये त्यात. जमेल तुला."

ऋषीनं लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण वाचता येत होतं. सोजरनं खाली बघितलं. पांढऱ्या तांदळात तिचं नाव होतं. तिनं हात पुढे करून 'सो'ची मात्रा जरा नीट केली.

"पाटीचं काय करायचं?" सर्जेरावांनी हळूच विचारलं.

"ती मागच्या बाजूनं कोरी आहे," नीरजाताई म्हणाल्या. "आणि आता तिघांची नावं टाकायची आहेत. ऋषी, सोजर, रतन. जागा राहिली तर चौथं ह्यांचं."

मग निघायची गडबड सुरू झाली. सामान, आहेर, राहिलेल्या जिलब्या. सोजरनं चप्पल घातली, पण गाडीकडे जायला. दाराशी तिला मागून बोलणं ऐकू आलं. नीरजाताईंनी राधाआत्याला खांबाआड गाठलं होतं आणि इकडेतिकडे बघून, अगदी खालच्या आवाजात विचारत होत्या.

"राधाताई, रतन नावाची... कुणी होऊन गेली का हो मोठी?"

"येक?" राधाआत्या म्हणाली आणि हातातली पिशवी खाली ठेवली. "अवो, खडकीच्या टेसनावरच व्हती की रतन! इंजनाची शिट्टी बिघडली, तर स्वतः वाजवायची. तोंडानं. येकदा वाजवली, तर लोनावळ्याची गाडी हिकडं यायच्या ऐवजी..."

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. नीरजाताईंनी हातानंच त्याला थांब म्हणून खूण केली.